डोळा लवतो म्हणून बसून राहू नका : अर्ध्या चेहऱ्याचे झटके आणि एमव्हीडी शस्त्रक्रिया

डोळा लवायला लागला की आपल्याकडं आधी शुभ-अशुभ बघतात. पुरुषाचा उजवा लवला तर चांगलं, बाईचा डावा लवला तर चांगलं. महिन्याभरानं तोच डोळा गप्प बसेना, ओठाचा कोपराही त्याच बाजूला ओढायला लागला, की ‘तोंडावरनं वारं गेलं’ म्हणून मालीश सुरू होते. मग चष्मा बदलून होतो, मग ताकदीच्या गोळ्या. दुखत काहीच नसल्यामुळं घरचे मनावर घेत नाहीत, आणि या फेऱ्यात वर्षं निघून जातात. आजाराचं नाव हेमिफेशियल स्पाझम. मेंदूतून निघून चेहरा हलवणाऱ्या सातव्या नसेच्या मुळाशी एखादी रक्तवाहिनी टेकते, तिचा ठोका नसेवर बसत राहतो आणि अर्धा चेहरा आपोआप आखडतो. हे कारण दूर करणारा उपचार एकच आहे, मायक्रोव्हॅस्क्युलर डीकम्प्रेशन, दवाखान्याच्या बोलीत एमव्हीडी.

हे परीक्षण कुठल्या एका दवाखान्याचं नाही. त्या ऑपरेशनचं आहे आणि त्याच्या आगंमागं रुग्णाला जी सेवा मिळते तिचं आहे. कोल्हापुरात करा, मिरजेला करा, नाहीतर पुण्या-मुंबईला जा, तपासून घ्यायच्या गोष्टी त्याच राहतात. आमचं मत आधीच सांगतो. ऑपरेशन उत्तम आहे. दहातल्या साधारण नऊ जणांचे झटके थांबतात किंवा नावापुरते उरतात. पण सगळा दर्जा दोन गोष्टींवर उभा आहे : सर्जन नसेच्या अगदी मुळापर्यंत पोचतो का, आणि ऑपरेशन चालू असताना ऐकण्याच्या नसेवर सतत पहारा असतो का. सही करण्याआधी या दोन प्रश्नांची सरळ उत्तरं मिळाली पाहिजेत.

सुरुवात निदानापासून, कारण निम्मे घोळ तिथंच होतात. चांगला न्यूरॉलॉजिस्ट हा आजार बहुतेक वेळा नुसतं बघून ओळखतो. झटका एकाच बाजूला असतो, डोळ्याच्या पापणीपासून सुरू होऊन खाली गाल, ओठाचा कोपरा, कधी मानेच्या कातडीपर्यंत उतरतो, आणि झोपेतही पूर्ण थांबत नाही. आरशासमोर उभं राहून एक खूण घरीच बघता येते. झटक्यानं डोळा मिटला की त्याच बाजूची भुवई वर चढते. मुद्दाम डोळा गच्च मिटला तर भुवई खाली येते, वर जात नाही. त्यामुळं ही खूण सोंग करून दाखवता येत नाही. बाबिन्स्की या फ्रेंच न्यूरॉलॉजिस्टनं ती १९०५ मध्ये नोंदवली, आजही ओपीडीत तीच सगळ्यात उपयोगी पडते.

दोन्ही डोळे एकदम मिटत असतील आणि भुवया खाली येत असतील तर तो ब्लेफरोस्पाझम, त्याला हे ऑपरेशन लागू नाही. जागरण, चहा, ताण यांनी खालची पापणी आठवडाभर फडफडते तेही हे नव्हे. चेहऱ्याचा लकवा होऊन गेल्यावर हसताना डोळा मिटतो, ती नस चुकीची जोडली गेल्याची खूण, तिथंही ऑपरेशनचा उपयोग नाही. आणि चेहऱ्यात विजेसारखी कळ मारत असेल तर ती पाचव्या नसेची दुखणी. ऑपरेशनचं नाव तेच, पण नस वेगळी, वाट वेगळी. दवाखान्याच्या कागदावर ‘एमव्हीडी’ एवढंच लिहिलेलं असेल तर कोणत्या नसेसाठी आणि कोणत्या बाजूला हे लिहून घ्या.

डॉक्टरांकडं जाताना मोबाईलवर चित्रण करून न्या. अर्धा मिनिट नुसतं बसलेलं, मग पाच वेळा डोळे गच्च मिटून उघडलेले, गाल फुगवलेले, दात दाखवलेले, आणि रात्री झोपेत घरच्यांनी काढलेलं. तपासणीच्या खोलीत झटका नेमका येत नाही आणि रुग्ण ‘आता बरं वाटतंय’ म्हणून परततो. दोन मिनिटांच्या या चित्रणानं तो प्रश्न सुटतो.

आता एमआरआय. पैसे वाया जाण्याची सगळ्यात मोठी जागा हीच. चिठ्ठीवर नुसतं ‘एमआरआय ब्रेन’ लिहिलं की पाच मिलिमीटर जाडीचे काप काढले जातात, आणि नस व रक्तवाहिनीचा स्पर्श असतो त्याहून कितीतरी बारीक. अहवालावर ‘नॉर्मल’ येतं, रुग्णाला वाटतं आजार मनाचा आहे. चिठ्ठीवर सीआयएसएस किंवा फिएस्टा हा थ्री-डी सिक्वेन्स (चित्र काढण्याची पद्धत) मागितलेला हवा, काप एक मिलिमीटरच्या आतले, भर सातव्या-आठव्या नसेवर, आणि जोडीला रक्तवाहिन्या दाखवणारा टीओएफ अँजिओ. कंपनीप्रमाणं सिक्वेन्सचं नाव बदलतं, काम तेच. तीन टेस्लाचं (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद) मशीन मिळालं तर उत्तम. दीड टेस्लावरही योग्य सिक्वेन्स लावला तर काम भागतं. उलट तीन टेस्लावर चुकीचा सिक्वेन्स म्हणजे पैसे पाण्यात. फिल्मवर भागवू नका, सीडी किंवा पेनड्राइव्ह मागून घ्या. सर्जनला काप पुढं-मागं सरकवून बघायचे असतात.

या तपासणीचं दुसरं काम म्हणजे गाठ नाही ना, हे बघणं. क्वचित नस जिथं मेंदूतून निघते त्या कोपऱ्यातली गाठ तिला दाबत असते. झटक्यांच्या जोडीला चेहरा बधिर वाटत असेल किंवा ऐकू कमी येत असेल तर हा संशय आधी फेडायचा. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, रक्तवाहिनी नसेला चिकटलेली दिसणं एवढ्यावर निदान ठरत नाही. कसलाही त्रास नसलेल्या कितीतरी लोकांत ती तशीच टेकलेली दिसते. निदान चेहऱ्यावरून होतं, एमआरआय वाट दाखवतो.

गोळ्यांबद्दल थोडक्यात. कार्बामाझेपिन, क्लोनाझेपाम, बॅक्लोफेन दिल्या जातात, थोड्यांना थोडे दिवस बरं वाटतं, झापड मात्र पुष्कळांना येते. वर्षानुवर्षं त्यावर राहण्यात अर्थ नाही.

स्नायू सैल पाडणारं बोटॉक्सचं इंजेक्शन ही मात्र खरी पर्यायी वाट आहे, आणि ऑपरेशनची भीती असलेल्या, वय झालेल्या, हृदयाचा त्रास असलेल्या माणसाला आम्ही तीच सुचवू. बारीक सुईनं डोळ्याभोवती चार-पाच ठिकाणी आणि गरजेप्रमाणं गालात औषध टोचतात, एका जागी साधारण अडीच युनिट. तीन ते सात दिवसांत झटके बसतात आणि तीन-चार महिने बसलेले राहतात. मग पुन्हा टोचून घ्यायचं. वर्षात तीन-चार वेळा, जन्मभर. चुकतं कुठं? पापणीच्या मधोमध टोचलं तर पापणी लोंबते, गालात जास्त पडलं तर ओठ सैल पडून चहा सांडतो, डोळा कोरडा पडतो. हे सगळं काही आठवड्यांत निवळतं. कुपी दोन ते आठ अंशांत ठेवलेली होती का आणि समोर उघडली का, हे विचारायला संकोचू नका. दोन कंपन्यांची युनिटं सारखी नसतात. मागच्या वेळी ‘वीस युनिट’ घेतलं म्हणून पुढच्या वेळी दुसऱ्या नावाचं वीस चालत नाही. कंपनी आणि युनिट दोन्ही फाइलवर लिहून घ्या.

आता मूळ विषय. एमव्हीडी हा नवा प्रयोग नाही, घरच्यांची ही शंका आधी फेडू. नसेला रक्तवाहिनी दाबते हे शुल्ट्झेनं १८७५ मध्येच शवविच्छेदनात दाखवलं होतं. गार्डनरनं १९६२ मध्ये दाब काढला की झटके थांबतात असं मांडलं, आणि पीटर जॅनेटा यांनी मायक्रोस्कोप वापरून आजची पद्धत बसवली. म्हणजे साठ वर्षांची घोटलेली शस्त्रक्रिया आहे. ‘दुर्बिणीचं ऑपरेशन’ या शब्दानं मात्र फसू नका. इथं मुख्य साधन मायक्रोस्कोप असतं. एंडोस्कोप काही सर्जन कोपऱ्यामागं डोकावायला जोडीला वापरतात.

रुग्णाला कुशीवर झोपवतात, डोकं तीन टोकांच्या चिमट्यात पक्कं धरतात, कानामागं केसांच्या कडेला चार ते सहा सेंटीमीटरचा छेद घेतात. पूर्ण डोकं भादरायची गरज नसते, कानामागची पट्टी पुरते. हाडात साधारण अडीच-तीन सेंटीमीटरची खिडकी करतात. इथं कानामागच्या हाडातल्या हवेच्या पोकळ्या उघड्या पडतात. त्या बोन वॅक्स (हाडासाठीचं मेण) दाबून नीट बुजवल्या नाहीत तर पुढं मेंदूतलं पाणी त्या वाटेनं नाकात उतरतं. कंटाळवाणं काम आहे, पण याच कामात घाई केलेली महाग पडते.

मेंदूचं आवरण उघडल्यावर लगेच लहान मेंदू ढकलायचा नसतो. आधी खालच्या बाजूनं साठलेलं पाणी सोडायचं, पाच-दहा मिनिटं थांबायचं. मेंदू आपोआप सैल होऊन खाली बसतो आणि वाट मोकळी होते. मग नववी-दहावी नस दिसते, तिच्यावरचा जाळीसारखा पडदा कापत खालून वर जायचं. ‘खालून’ हा शब्द महत्त्वाचा. बाजूनं सरळ आत शिरून लहान मेंदू आडवा ओढला तर त्याला चिकटलेली आठवी, म्हणजे ऐकण्याची नस ताणली जाते. बहिरेपणाचं मुख्य कारण हा ताण आणि कानाकडं जाणाऱ्या बारीक धमनीला बसलेला धक्का.

सातवी नस मेंदूच्या खोडातून (ब्रेनस्टेम) बाहेर पडते तिथं काही मिलिमीटर ती खोडाला चिकटूनच चालते. दाब बहुतेक वेळा याच चिकटलेल्या भागावर असतो. दाबणारी धमनी एआयसीए असते, नाहीतर पीआयसीए (दोन्ही लहान मेंदूला रक्त पुरवणाऱ्या), कधी दोन्ही, आणि कधी जाडजूड व्हर्टिब्रल धमनी मागून त्यांना रेटत असते. नस मोकळ्या पाण्यात आल्यावर तिच्यावरून जाणारी वाहिनी सहज दिसते. ती बाजूला करून बाहेर येणं सोपं असतं, आणि झटके मात्र राहतात. ऑपरेशन फसण्याचं पहिलं कारण हेच : चुकीची वाहिनी सोडवली, खरी मुळाशी तशीच राहिली. दुसऱ्यांदा ऑपरेशन करावं लागलेल्यांत पुन्हापुन्हा हेच सापडतं. म्हणून सर्जनला विचारा, ‘खोडाला चिकटलेला भाग पूर्ण बघता का? दोन वाहिन्या असल्या तर?’ जो हे काम नेहमी करतो तो कागदावर चित्र काढून समजावतो.

वाहिनी उचलल्यावर मध्ये टेफ्लॉन ठेवतात. टेफ्लॉनचं नमद्यासारखं कापड असतं. त्याचे चिमट्यानं धागे सोडवायचे आणि समईची वात पिंजून सैल वळावी तसे काही मिलिमीटरचे गोळे करायचे. कापडाचा तुकडा तसाच घातला तर कडक राहतो, घसरतो. गोळा ठेवायचा तो वाहिनी आणि मेंदूचं खोड यांच्यामध्ये. नसेच्या मुळावरच कोंबला तर आता टेफ्लॉनच नस दाबू लागतो. कमी घातला तर वाहिनी परत येऊन बसते. जाड व्हर्टिब्रल धमनी गोळ्यानं भागत नाही. तिला पट्टीनं किंवा फायब्रिन ग्लू या गोंदानं बाजूच्या आवरणाला बांधून ठेवावं लागतं. गोळा नेमका कुठं बसला हे मायक्रोस्कोपच्या चित्रणात दिसतं, ते चित्रण मागून ठेवा.

पहाऱ्याची गोष्ट आता सांगतो, कारण दरपत्रकातून सर्वांत आधी हीच ओळ गाळली जाते. ऑपरेशनभर दोन तारा जोडलेल्या हव्यात. पहिली कानाची, बीएईपी. कानात टकटक आवाज सोडून मेंदूच्या खोडातली लहर मोजतात. पाचवी लहर एक मिलिसेकंदानं उशिरा यायला लागली किंवा तिची उंची निम्म्यानं घटली, की तंत्रज्ञ ओरडून सांगतो आणि सर्जन हात थांबवतो, ओढ सैल करतो, कोमट सलाईन सोडतो, लहर परत येईपर्यंत वाट बघतो. पडद्यावरची लहर बघणारा स्वतंत्र माणूस पाहिजे. भूलतज्ज्ञ मधूनमधून नजर टाकतील, हे उत्तर पुरेसं नाही.

दुसरी तार चेहऱ्याची. सातव्या नसेच्या डोळ्याकडं जाणाऱ्या फांदीला हलका विजेचा टोला दिला तर निरोगी माणसाच्या हनुवटीत काहीच हलत नाही. या आजारात मात्र साधारण दहा मिलिसेकंदांनी हनुवटीचा स्नायूही उडतो. वाहिनी बाजूला झाली की ही उडी पडद्यावर सपाट होते. ऑपरेशन टेबलावरच समजतं की खरी वाहिनी सापडली. ती सपाट झाली नाही तर सर्जननं आणखी शोधायचं. यासाठी भूल देताना स्नायू लुळे पाडणारं औषध सुरुवातीला श्वासाची नळी घालण्यापुरतंच देतात. भूलतज्ज्ञाला हे आधी माहीत नसेल तर तार जोडूनही उपयोग शून्य. ही खूण शंभर टक्के खरी नसते, उडी राहिलेले काही रुग्णही पुढं बरे होतात. तरीही ती तार नसण्यापेक्षा असलेली कधीही बरी.

धोके कोणी ‘काही नाही हो’ म्हणून उडवत असेल तर उठून यावं. एका कानाचं ऐकणं कायमचं जाण्याचं प्रमाण अनुभवी हातात शंभरात एक ते तीन-चार. मेंदूतलं पाणी गळण्याचं शंभरात दोन-तीन. जंतुसंसर्ग, आवाज बसणं, गिळताना ठसका लागणं क्वचित. पक्षाघात किंवा मृत्यू फार दुर्मिळ, हजारात एखादा, पण शून्य नाही. सही करताना हे आकडे त्या सर्जनच्या स्वतःच्या रुग्णांचे विचारा, पुस्तकातले नकोत.

ऑपरेशनला दोन ते चार तास, एक रात्र आयसीयूत, साधारण पाच-सात दिवस दवाखान्यात. पहिले दोन-तीन दिवस चक्कर, मळमळ आणि डोकेदुखी असतेच, उशाकडची बाजू तीस अंश उचलून ठेवतात. कान भरल्यासारखा वाटतो, कारण हाडाच्या पोकळ्यांत पाणी गेलेलं असतं. हा दडा काही आठवड्यांत निघतो. खरा बहिरेपणा की नुसता दडा, हे ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याची चाचणी, सांगतो. म्हणून ऑपरेशनच्या आधीही एक ऑडिओग्राम काढलेला असलाच पाहिजे. आधीचा नसेल तर नंतरच्याची तुलना कशाशी करणार?

घरी आल्यावर सगळ्यात घाबरवणारी गोष्ट साधारण आठव्या ते पंधराव्या दिवसात येते. सगळं सुरळीत असताना एका सकाळी त्याच बाजूचा चेहरा लुळा पडतो, चूळ भरताना पाणी गळतं, डोळा मिटत नाही. रुग्णांतल्या काही टक्क्यांत हे घडतं. हे उशिरा येणारं लुळेपण असतं, स्टेरॉइड आणि डोळ्याचे थेंब यांनी काही आठवड्यांत, कधी दोन-तीन महिन्यांत भरून येतं. गावाकडं अशा वेळी ‘ऑपरेशन बिघडलं’ म्हणून मालीशवाला बोलावतात. ते करू नका, त्याच दिवशी सर्जनला फोन करा. चांगल्या सेवेची ओळख अशी की हे सुट्टीच्या कागदावर आधीच मराठीत लिहिलेलं असतं.

दुसरी खूण नाकाची. पुढं वाकल्यावर नाकपुडीतून पाण्यासारखं पातळ, खारट काहीतरी टपटपलं, किंवा घशात मागून सतत उतरत राहिलं, तर ती सर्दी समजून वाफ घेऊ नका. ते मेंदूतलं पाणी असू शकतं. तातडीनं परत जा. बहुतेक वेळा झोपून राहणं, गोळ्या आणि काही दिवस कमरेतून नळी घालून पाणी काढणं एवढ्यावर भागतं. थांबलात तर मेंदूज्वर होतो.

पुण्यात ऑपरेशन झालं तर कोल्हापूरपर्यंतचा साधारण २३० किलोमीटरचा रस्ता गाडीत मागच्या सीटवर, डोकं उंच ठेवून, मध्ये दोनदा थांबून करा. उजळाईवाडीला विमानानं उतरायचं असेल तर सर्जनची परवानगी आधी घ्या, कवटीत राहिलेली हवा उंचीवर फुगते. सहा आठवडे पाच किलोवर उचलायचं नाही. वैरणीचा भारा, उसाची मोळी, पाण्याची कळशी डोक्यावर घेणं तीन महिने बंद. हेल्मेटची कड बरोबर टाक्यांवर घासते, म्हणून जखम पूर्ण भरेपर्यंत दुचाकी नकोच. पोट साफ राहील असं बघा, कुंथल्यानं दाब वाढतो. टाके सात ते दहा दिवसांनी, डोक्यावरून अंघोळ त्यानंतर.

पैशांचं दरपत्रक एकाच रकमेत घेऊ नका. सर्जन, भूल, मायक्रोस्कोप, मॉनिटरिंग, टेफ्लॉन आणि ग्लू, आयसीयूचे दिवस, औषधं अशा वेगळ्या ओळी मागा. मॉनिटरिंगची ओळच नसेल तर तारा जोडल्या जाणार नाहीत असं समजा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, हे त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडं रेशनकार्ड आणि आधार घेऊन भरती होण्याआधी विचारा, भरती झाल्यावर नव्हे. मॉनिटरिंगचा खर्च पॅकेजच्या आत की बाहेर, हेही तिथंच स्पष्ट करून घ्या.

झटके कधी थांबतात? पुष्कळांचे शुद्धीवर आल्याबरोबर. पण साधारण चौथ्या हिश्शाच्या रुग्णांत ते काही आठवडे, कधी महिने रेंगाळतात आणि हळूहळू विरतात, कारण वर्षानुवर्षं चिडलेली नस शांत व्हायला वेळ घेते. म्हणून वर्ष पुरं होण्याआधी ‘फसलं’ असा शिक्का मारू नये आणि दुसऱ्या ऑपरेशनची घाई तर अजिबात करू नये. दर महिन्याच्या एकाच तारखेला, त्याच खुर्चीत, त्याच उजेडात एक मिनिटाचं चित्रण घ्या, पाच वेळा डोळे गच्च मिटून. तीन महिन्यांच्या, सहा महिन्यांच्या आणि वर्षाच्या तपासणीला ते आणि नवा ऑडिओग्राम सोबत न्या.